हाताचा चीक

ब्रेस्तिनो गावात ऑगस्ट महिन्यात कुणी कुणाच्या तोंडाकडे फारसं बघत नाही, हातांकडे बघतात. तंबाखू पहाटे दव असतानाच खुडायची, आणि उन्हं वर आली की शेडमध्ये फतकल मारून बसायचं आणि दाभणानं पानं ओवून माळा करायच्या. पानांचा चीक हाताला बसतो. पहिल्या दिवशी तो हिरवट असतो, मग तपकिरी होतो आणि आठवडा जाता जाता डांबरासारखा काळा. साबणाला तो दाद देत नाही. भाकरी हातात धरली तर भाकरी कडू लागते, म्हणून बायका ती द्राक्षाच्या पानात धरून खातात. चुकून डोळा चोळला तर दुपारभर रडत बसायचं. हा थर ऑक्टोबरपर्यंत हातमोज्यासारखा अंगावर वागवायचा आणि ज्या बाईचा थर जाड ती बाई कामाची, असं गावच्या शेतकी सोसायटीत मानायचं.

अशा शेडमध्ये एकट्या हायरियेचे हात स्वच्छ असायचे.

हायरिये म्हणजे नेफिझेची सासू. सत्तरी गाठलेली, कमरेत वाकलेली, पण दाभण हातात आलं की तरण्या पोरींना मागे टाकणारी. सगळ्यांबरोबर ती दिवसभर ओवायची, सगळ्यांइतकाच चीक तिच्याही हाताला बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेतावर यायची ती सुईणीसारखे धुतलेले हात घेऊन. याचं कारण साऱ्या शेडला ठाऊक होतं, आणि ते आपल्याला ठाऊक नाही असं साऱ्या शेडनं ठरवून टाकलं होतं. परसातला हिरवा टोमॅटो फोडून त्याचा रस कोपरापर्यंत खसाखसा चोळला की चीक सुटतो. कातडी सोलवटून निघते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. हौस म्हणून हे कुणी करत नाही. जिला पाणी कातडीपर्यंत पोचवायचंय तीच करते. वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुताना, अंगावर असा थर राहिला की ज्याखाली पाणी जात नाही, तर वजू होत नाही, आणि वजू झाला नाही तर नमाज म्हणजे नुसती उठबस. हायरियेला गुडघेदुखीपायी तशीही उठबस जड जायची. फुकटची करायला ती तयार नव्हती.

दोन हिवाळ्यांपूर्वी सरकारनं या मुसलमान गावाला रांगेत उभं करून नवी, ख्रिस्ती वळणाची नावं वाटली होती. जुन्या नावाच्या पहिल्या अक्षराशी जुळेल ते नाव यादीतून काढायचं, अशी कारकुनाची सोपी पद्धत. त्यात हायरियेच्या वाट्याला ह्रिस्तिना आलं, म्हणजे मशिदीचा उंबरा झिजवलेल्या बाईच्या कपाळी थेट ख्रिस्त. नेफिझेची नेव्हेना झाली. तिची मुलगी गुल्सुम गालिना झाली, आणि तिनं ते नाव नव्या स्वेटरसारखं अंगात घालून आरशात पाहिलं. तिला ते शोभलंही. मशिदीत आता खताची पोती होती, आणि जो रुफात होजा तिथं नमाज पढवायचा तोच त्या पोत्यांवर पहारेकरी होता. नमाजाला बंदी आहे असं कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. फक्त जो नमाज पढतो त्याच्या घरातली कामं होत नव्हती.

आणि नेफिझेच्या घरात एक काम अडलेलं होतं. गुल्सुमला शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत जायचं होतं. मार्क चांगले होते, डॉक्टरचा दाखला झाला होता, राहिला होता तो गावच्या कचेरीतला वर्तनाचा दाखला. मुलीचं घर आधुनिक विचारांचं आहे, जुनाट चालीरीती पाळत नाही, असं त्यावर सेक्रेटरी दोनेव्हनं लिहून द्यायचं. हा दाखला मिळाला तर पोरगी पांढऱ्या कपड्यात फिरणार, नाही मिळाला तर जन्मभर दाभण. मधलं काही नव्हतं. नेफिझेचा नवरा खाणीत दगडाखाली गेला त्याला पाच वर्षं झाली होती. घरात तीन बायका, आणि तिघींच्या वतीनं शहाणपण करायचं काम नेफिझेनं आपल्याकडे घेतलं होतं.

शेडवर देखरेख करायला दोनेव्हा होती, त्या सेक्रेटरीची बायको. सपाटीवरच्या ख्रिस्ती गावाकडची, अंगानं भरलेली, बोलायला गोड. ती शेडमधून फिरायला लागली की बायकांच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या.

त्या दिवशी ती फिरत फिरत हायरियेपाशी थांबली, वाकली, आणि म्हातारीचा उजवा हात मनगटाला धरून उचलला. उताणा केला, पालथा केला, बाजारात मासळी बघावी तसा.

"अगंबाई! आजी, हा काही तंबाखूवालीचा हात नव्हे."

आजूबाजूची दाभणं थांबली.

"म्हातारं कातडं, बाई," हायरिये म्हणाली. "त्याला आता काही चिकटत नाही. चीकही नाही आणि माणसंही नाहीत."

बायका हसल्या. दोनेव्हाही हसली, पण हात सोडला नाही. अंगठ्यानं तिनं मनगट चोळून पाहिलं, मग बाही वर सारून कोपरापर्यंत नजर नेली. आवाज खाली आणून ती नेफिझेला म्हणाली, "नेव्हेना, मला तुझ्याशी एकदा निवांत बोलायचंय. इथं नको. सगळ्यांसमोर नको."

तेवढ्यात गोदामाचा ट्रक आला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि ती लगबगीनं बाहेर गेली.

नेफिझेच्या शेजारी आसिने बसायची. जिभेला हाड नसलेली बाई, पण मनानं वाईट नाही. वाईट व्हायला जी चिकाटी लागते तीच तिच्यात नव्हती. ती मान न वळवता पुटपुटली, "मेलीस."

"का?"

"कोपर बघितलं तिनं. हात सगळेच बघतात गं, पण कोपर कोण बघतं? ज्याला वजू कुठवर करतात हे माहीत आहे तोच. तिच्या नवऱ्यानं शिकवून पाठवलीय तिला." आणि माळेची गाठ मारत पुढे म्हणाली, "वरच्या गावात त्या मास्तरणीचं काय झालं? ओल्या बाह्या घालून वर्गात आली एवढंच. आता कोंबड्या राखते."

नेफिझेनं पुढचं पान उचललं. पण संध्याकाळपर्यंत तिच्या माळेत पानं उलटसुलट जात राहिली.

घरी आल्या आल्या हायरिये परसात गेली आणि दोन हिरवे टोमॅटो तोडून आली. नेफिझे दारात उभी राहिली.

"आई, दाखला हातात येईपर्यंत टोमॅटो बंद."

"टोमॅटो बंद म्हणजे वजू बंद."

"मग वजू बंद."

"वजू बंद म्हणजे नमाज बंद. एवढं सरळ बोल की. टोमॅटोवर कशाला घालतेस?"

"तीन आठवड्यांची गोष्ट आहे. नंतर भरून काढा राहिलेले सगळे नमाज."

"आणि मधेच मेले तर? माझ्या वयाला तीन आठवडे उसने कोण देतं?"

नेफिझेनं मग एकेक उपाय पुढे मांडला. बाजारातल्या बाईसारखा, चांगला माल शेवटी ठेवून. सकाळी निघताना पानं चोळून हात पुन्हा काळे करा, ती म्हणाली. हायरिये म्हणाली, ताजा चीक हिरवा असतो, काळा व्हायला आठवडा लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं, दोनेव्हाला कळणार नाही? मग मातीनं वजू करा, नेफिझे म्हणाली, पाणी नसेल तर चालतो ना मातीचा?

"पाणी नसेल तर. दारात पाट खळाळतोय आणि मी मातीवर हात आपटू? अल्लाला काय ऐकू येत नाही पाट?"

"मग तशाच हातानं नमाज पढा! काम आहे, पोट आहे, तो समजून घेईल."

"तू विचारून आलीस त्याला?"

"त्याला नाही, होजाला विचारून येते."

आणि ती खरोखरच गेली.

रुफात होजा मशिदीच्या, म्हणजे गोदामाच्या, दारात स्टुलावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. पहारेकऱ्याची टोपी त्याला मोठी होत होती. नेफिझेनं इकडं तिकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं की वरच्या गावात एक बाई आहे, तंबाखूत काम करते, हाताला चीक बसलेला असतो, काढता येत नाही, तर अशा बाईचा वजू होतो का?

होजानं बिया खाली ठेवल्या. "वरच्या गावात का? तिला माझ्यासमोर वाढलेली सून आहे का?"

"होजा, थट्टा नको."

त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं. तीस वर्षं माणसं त्याला असलंच विचारत आली होती आणि तो उभ्या उभ्या उत्तरं देत आला होता. शेळीनं बादलीत तोंड घातलं तर काय, दात पडून रक्त आलं तर काय. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात रस्त्यावरून सोसायटीचा ट्रॅक्टर गेला, वर दोन माणसं बसलेली, त्यातल्या एकानं सहज इकडे पाहिलं. होजानं तोंड मिटलं आणि मोठ्यानं म्हणाला, "बाई, इथं युरिया आहे आणि फॉस्फेट आहे. त्याबद्दल विचारायचं असेल तर विचारा."

"नुसती मान हलवा. हो की नाही."

"माझी पुस्तकं नेली त्यांनी. पुस्तकाशिवाय मी बोलत नाही."

नेफिझे परत निघाली. उत्तर होतं, आणि ते 'हो, चालतो' असं सासूच्या सोयीचं होतं, एवढं तिला कळलं. गैरसोयीचं असतं तर 'नाही' म्हणायला त्याला कसलं भय होतं? नमाज पढू नका असं सांगणाऱ्याला तर सरकारनं बिल्ला दिला असता. वाटेत तिच्या मनात आलं, घरी जाऊन सांगावं की होजा चालेल म्हणाला. पण हायरियेनं लगेच विचारलं असतं, कुठल्या पुस्तकात आहे, आणि मग तिथंच पाय घसरला असता.

"काही बोलला नाही," ती घरी येऊन म्हणाली.

"काहीच नाही?"

"युरिया आहे म्हणाला."

हायरिये हसली नाही. पाटाच्या कडेला बसून तिनं ते दोन टोमॅटो मांडीवर ठेवले होते. घरात गुल्सुम गुणगुणत होती. उशीच्या खोळीवर 'ग' काढत होती, नव्या नावाचाही तोच आणि जुन्या नावाचाही तोच, एवढी एक सोय तिला लाभली होती. म्हातारी थोडा वेळ तिचं ऐकत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "पण हे मी करत नाही, तू करवतेस. वर विचारलं तर मी तुझं नाव सांगणार."

"कुठलं सांगाल? नेफिझे की नेव्हेना?"

"दोन्ही सांगेन. निसटायला नको."

दुसऱ्या दिवसापासून हायरियेचे हात गावासारखे व्हायला लागले. आधी बोटांची पेरं, मग तळवे, मग मनगटाच्या सुरकुत्यांत काळ्या रेघा. दोनेव्हा येता-जाता ते पाहायची आणि पुढे जायची. निवांत बोलायचं राहूनच गेलं होतं, आणि ते राहतंय तेवढं बरं, असं नेफिझे मनात म्हणायची. शेडमध्ये तिचा जीव भांड्यात पडला. घरात मात्र नाही.

घरात नमाजाच्या वेळा यायच्या आणि म्हातारीला काय करावं ते कळायचं नाही. पहिले काही दिवस ती वेळ झाली की उठून उभी राहायची, पुन्हा बसायची. नेफिझे म्हणायची, बसल्या बसल्या मनातल्या मनात पढा. हायरिये म्हणायची, मनात काय पढायचं, मनाला काय हात आहेत? मग तिचं उठणं थांबलं. त्या वेळेला ती मिरच्या ओवायला घ्यायची, नाहीतर कोंबड्यांवर ओरडायची. एका दुपारी तर ती झोपली. इतक्या वर्षांत सासूला दुपारच्या नमाजाच्या वेळेला घोरताना नेफिझेनं पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन तिनं श्वास चालू आहे की नाही ते बघितलं. चालू होता, आणि झोप गाढ होती.

सप्टेंबर लागता लागता दाखला आला. सेक्रेटरीनं स्वतः शिक्का मारून, वर दोन ओळी जास्तीच्या कौतुकाच्या लिहून दिल्या होत्या. गुल्सुमनं सुटकेस भरली, आजीच्या काळ्या हाताचं चुंबन घेतलं आणि कपाळाला लावलं. मग बसमध्ये चढल्यावर खिडकीआड कपाळ रुमालानं पुसलं. नेफिझेनं ते पाहिलं. चीक कडू असतो, डोळ्यात गेला तर झोंबतो, तेव्हा पुसायलाच हवा, असं तिनं स्वतःला सांगितलं.

बस गेली त्याच संध्याकाळी नेफिझेनं परसातले चांगले मोठे हिरवे टोमॅटो तोडले, पाणी तापवलं, तस्त आणि झारी घेऊन सासूपुढे बसली.

"या आई. आज मी पाणी घालते हातावर."

हायरियेनं टोमॅटोंकडे पाहिलं. "झाडावर चांगले होते. लोणचं झालं असतं."

"आता काही भीती नाही. पोरगी पोचलीसुद्धा असेल."

"पोचलीच. म्हणून तर म्हणते लोणचं घाल."

नेफिझेला वाटलं म्हातारी रुसलीय, मनधरणी करून घेतेय. तिनं हात धरायला हात पुढे केला. हायरियेनं आपले हात पदरासारख्या एप्रनखाली घेतले.

"ऐक, सूनबाई. मी नवरा मागितला, तो लढाईतून परत येऊ दे म्हणून. पाच वेळा वजू, पाच वेळा नमाज, थंडीत बर्फ फोडून पाणी काढलं. आला नाही. पोरगा मागितला, खाणीतून रोज वर येऊ दे म्हणून. रोज आला, एक दिवस सोडून. नाव राहू दे म्हटलं, नाव गेलं. आणि या एका महिन्यात मी काही मागितलं नाही, हात धुतले नाहीत, तोंड दाखवलं नाही, आणि पोरीचं काम झालं. शिक्क्यासकट झालं. आता तू मला सांग, मी हिशेबात कुठं चुकले?"

"असं बोलू नये, आई."

"बोलत नाहीच आहे मी. तो बोलला तर ऐकेन."

झारीतलं पाणी गार झालं. नेफिझेनं ते टोमॅटोच्या आळ्यात ओतलं.

त्यानंतर चारच दिवसांनी दोनेव्हानं तिला शेडच्या मागे बोलावलं. नेफिझे दाभण तसंच हातात घेऊन गेली. दाखला देऊन झाला, आता परत मागतात की काय? दोनेव्हानं आजूबाजूला पाहिलं, आणि आपले दोन्ही हात पुढे केले. माळा उचलून उचलून तिचेही तळवे काळे झाले होते, नखांच्या कडांना चीक साचला होता.

"हसू नकोस हं, नेव्हेना. माझ्या थोरलीचं लग्न ठरलंय. इंजिनियर मुलगा आहे, मोठं घर. त्याच्या आईशी हात मिळवायचाय मला, आणि तो हा असा! रॉकेल लावलं, राख लावली, काही सुटत नाही. विहिणीला वाटायचं मुलीची आई कोळसे विकते. तुझ्या सासूचे हात काय सुंदर असायचे गं! अगदी कोपरापर्यंत. तेव्हाच विचारणार होते तुला, पण पोरीबाळींसमोर म्हटलं बरं दिसत नाही, बाईसाहेबांना नटायचं सुचतंय म्हणतील. मग राहूनच गेलं. आणि नंतर बघते तर तिचेही काळेच. म्हटलं, औषध संपलं वाटतं. काय लावायची ती?"

नेफिझे तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या तोंडावर काही लपवलेलं नव्हतं. लपवायला जागाच नव्हती, इतकं ते गुटगुटीत आणि सरळ होतं.

"हिरवा टोमॅटो," ती म्हणाली.

"एवढंच?"

"फोडून चोळायचा. सुकू द्यायचा नाही. मग पाणी."

"अय्या! आणि हे तू मला आत्ता सांगतेस? दाखल्याच्या वेळी सांगितलं असतंस तर आमच्या ह्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या असत्या!" दोनेव्हा स्वतःच्याच विनोदावर हसली, नेफिझेच्या दंडावर थाप मारून गेली. दंडावर काळी बोटं उमटली.

घरी जाताना नेफिझेनं ठरवलं की आज सांगायचं. ती वजू पकडायला नव्हतीच आली, आई. दाखला असाही मिळणार होता. तुमचा हिशेब चुकला, कारण मी त्यात खोटा आकडा घातला. एवढंच सांगायचं. मग म्हातारी शिव्या देईल, जुन्या नावानं देईल आणि नव्या नावानं देईल, चार दिवस अबोला धरेल, आणि पाचव्या दिवशी परसात जाऊन टोमॅटो तोडेल. एवढी किंमत नेफिझेला परवडणारी होती. निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी परवडत होती.

घरी अंगणात आसिने बसली होती, आणि हायरिये तिच्यापुढे बटाट्याचा पॅटिससारखा जाड पोळा कापून ठेवत होती.

"ही आली बघ," हायरिये म्हणाली. "वीस वर्षं मी हिला काम शिकवलं आणि वीस वर्षं म्हटलं, हिच्या हातून काही व्हायचं नाही. पण या खेपेला हिनं एकटीनं पोरीला वर काढली. मी आडवी पडले होते हिला, तरी. होजा शेपूट घालून बसला, मी हट्टाला पेटले, आणि ही एकटी शहाणी. माझा पोरगा असता तर त्यालाही जमलं नसतं."

आसिनेनं भुवया वर करून नेफिझेकडे पाहिलं. सासूच्या तोंडून सुनेचं कौतुक या गल्लीत बहुधा मयतालाच ऐकू यायचं, आणि तेही सुनेच्या.

नेफिझे चुलीपाशी उभी राहिली. जिभेवर आलेलं तिथंच राहिलं. आज नको, आसिने बसलीय, ती मनाशी म्हणाली. आसिने गेली. तेव्हा म्हणाली, आता आई दमलीय. दुसऱ्या दिवशी हायरियेनं सुनेला पोळ्याचा कडेचा खरपूस तुकडा काढून ठेवला. आजवर तो मुलाचा असायचा, मग नातीचा. नेफिझेनं तो खाल्ला. चवीला फार चांगला होता, आणि असा तुकडा एकदा मिळायला लागल्यावर तो कोण परत करतं?

टोमॅटोची बातमी मात्र दोनेव्हानं स्वतःजवळ ठेवली नाही. लग्नाहून ती परत आली ती पांढरे हात मिरवत, आणि शेडच्या दारात टोमॅटोचं घमेलं आणि पाण्याची टाकी ठेवून दिली. सुटी झाली की बायका रांगेनं हात धुवायच्या. वरून कुणी साहेब आला, त्यानं पाहिलं, आणि ब्रेस्तिनोची शेड स्वच्छतेत पुढे आहे असं भाषणात म्हणाला. आता शेडमध्ये सगळ्यांचे हात कोपरापर्यंत गोरे होते. काळे हात एकाच बाईचे होते.

"आजी!" दोनेव्हा एका दुपारी सगळ्यांसमोर म्हणाली. "हे काय? ज्या बाईनं आम्हाला शिकवलं तीच अशी? साहेबांनी विचारलं ना मला, ती म्हातारी कोण म्हणून."

"मला कुठं लग्नाला जायचंय?" हायरिये म्हणाली.

"ते काही नाही. इकडे ये. मी धुवून देते."

आणि तिनं खरंच म्हातारीला घमेल्यापाशी बसवलं, तिच्या बाह्या दुमडल्या, टोमॅटो फोडला आणि चोळायला लागली. हात राबता होता तिचा, कसर ठेवायची नाही. आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या एकेक करून, मग मनगटं, मग वर कोपरापर्यंत. आधी उजवा घेतला, मग डावा. वरून मगानं पाणी सोडलं. दीड महिन्याचा थर हिरव्या फेसात सुटून खाली वाहत गेला. शेडमधल्या म्हाताऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. एकीचे ओठ आपोआप हलले आणि थांबले. नेफिझे बघत होती ते सासूच्या ओठांकडे. ते हलले नाहीत. हायरियेनं हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे सोडून दिले होते.

"झाले की नाही नवरीसारखे?" दोनेव्हा म्हणाली.

"झाले बाई." हायरियेनं हात झटकले, भाकरीचा तुकडा उघड्या हातात घेतला आणि खाल्ला. "कडू लागत नाही आता."

संध्याकाळी नेफिझे सासूच्या आधी घरी पोचली. तिनं पाणी कोमट केलं, झारी भरून नेहमीच्या जागी ठेवली, शेजारी टॉवेल घडी करून ठेवला आणि स्वतः कोंबड्यांना दाणे टाकायचं निमित्त करून बाहेर गेली. हात स्वच्छ आहेत, पाणी आहे, वेळ झालीय, दारावर कुणी नाही. आता आपण काही न सांगताच ही उठेल, असं तिला वाटत होतं. तसं झालं तर सांगायची गरजच उरली नसती.

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. नेफिझे दाण्यांचा डबा हातात तसाच धरून दारात आली.

हायरियेनं झारीतलं पाणी मोठ्या पातेल्यात घेतलं होतं आणि त्यात उद्यासाठी घेवड्याच्या बिया भिजत घालत होती. पांढरे स्वच्छ हात पाण्यात फिरवून ती वर तरंगणाऱ्या किडक्या बिया वेचून बाजूला टाकत होती.

"आई," नेफिझे म्हणाली.

"काय गं?"

नेफिझेनं डबा दुसऱ्या हातात घेतला.

"काही नाही. मीठ आत्ताच घालू नका, शिजायच्या नाहीत."